झोपड्या तांबड्या करा

३ फेब्रुवारी १९८८
बोईसरला रुजू झाले! साताऱ्याहून निघताना आई रडली, मला मात्र गंमत वाटत होती. उमरोळीला खोली मिळाली. घरमालकीण येसूबाईंनी आल्याआल्या सुकटीची चटणी आणि भाकरी वाढली. काम आवडीचं आहे. कारखान्यांचा घातक कचरा पुरतात त्या आवाराचा नकाशा करायचा: खड्डे, उतार, वारा, पळायच्या वाटा. धोक्याचा भाग तांबडा. तिथे मजुरांनी पाय ठेवायचा नाही.

९ फेब्रुवारी
नकाशा झाला. जुन्या खड्ड्याभोवती फक्कीची रेघ मारून घेतली. व्यवस्थापक प्रतापराव खूश.

११ फेब्रुवारी
रेघेबाहेर काळा ओलावा. उतार पश्चिमेला, आणि हा चढावर, मजुरांच्या झोपड्यांकडे सरकलाय. नवा नकाशा केला. प्रतापराव म्हणाले, पाणी कधी वर चढतं का, तुमचाच उतार चुकला.

१५ फेब्रुवारी
उतार बरोबर आहे! पुन्हा तपासला. ओलावा पुन्हा पुढे, पुन्हा रेघ, पुन्हा नकाशा, पुन्हा तीच बोलणी. वैताग आलाय. कचरा वाहणारी सोमी वाटेत थांबली. "बाई, आमचा घर पन तांबडा करा ना. मंग तरी हलवतील."

१८ फेब्रुवारी
झोपड्या तांबड्या करून दिल्या. प्रतापरावांनी माझ्यासमोर ब्लेडने रंग खरवडला. म्हणे सरकारी पाहणी तोंडावर आलीय, माणसं ठेवायची कुठे?

२० फेब्रुवारी
सोमीचा नवरा जिवल्या सापडत नाही. त्यांच्या झोपडीतली जमीन ओली. चटई अर्धी मातीत गेलेली. मी ओढली — खालून कुणी धरल्यासारखी. प्रतापराव म्हणतात, पिऊन मनोरला गेला असेल. अनवाणी? चपला दारातच आहेत.

२१ फेब्रुवारी
विचारत बसले नाही. ट्रक बोलावून सगळ्यांना हलवलं. सोमी उठेना. जिवल्या खालून हाका मारतो म्हणे. ओढतच बाहेर काढली. गेले सगळे. मी नकाशे घ्यायला केबिनमध्ये —

दुपार
ओलावा झोपड्यांकडे नाही. तिथे आता माणूस नाही. इकडे वळलाय. केबिनची पायरी गेली. प्रतापराव फाटकाबाहेर गाडीतून हॉर्न वाजवतायत. मी ओरडले, आत येऊ नका! ते म्हणतात, आधी नकाशा आणा. नकाशा!

टेबलावर चढलेय. फरशी मऊ पडलीय. खालून कुणीतरी — बाई, बाई — जिवल्याचा आवाज. अगदी जवळून.

वही कुणाला मिळाली तर — केबिनसुद्धा तांबडी धरा. फाटकाच्या आत कुणाला पाठवू नका. सोमीला सांगा, हाक आली तरी