सदतिसाव्या भागात बाहेर राहिलेला मिस्त्री

लिहून ठेवणार मी, पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा, वय वर्षे एकाहत्तर, ज्याला सगळी गल्ली मिस्त्री म्हणते तो. डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. धाकट्या भावाने गेल्या महिन्यात दडपण आणून पाहिले, त्याला उत्तर म्हणूनच हा कागद आहे. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, म्हणून रद्द करण्यासारखे काही नाही.

लग्न केले नाही. आई आठ वर्षांपूर्वी गेली. रक्ताचा म्हणावा असा एवढा एकच धाकटा, आणि तो रेडिओवरच्या अंतराळाच्या मालिकेचा लेखक. मालिकेचे नाव इथे घालत नाही, फुकट जाहिरात होते.

कलम १. दुकान, दुकानावरची पुढची खोली, वाइंडिंगचे यंत्र, बेअरिंग ओढून काढायचा पुलर, पान्ह्यांचे दोन्ही संच आणि शिल्लक तांब्याची तार हे सर्व माझ्याबरोबर तेहेतीस वर्षे जळक्या मोटारींत नवी तार भरणाऱ्या वाइंडिंगवालीला द्यावे. तिने जळलेली मोटार अर्धी भरून कधी सोडली नाही. धाकट्याने तिच्याकडून निदान एवढे शिकायला हवे होते. मोठा पान्हा दांड्याशी सैल आहे, ते तिला माहीत आहे.

कलम २. मागची खोली, जिथे आईची खाट होती, ती धाकट्याला. ही आईची इच्छा होती, माझी नव्हे. तिचा शब्द मी मोडणार नाही. शब्द मोडायचे खाते आमच्या घरात त्याच्याकडे आहे.

कलम ३. लाल पुठ्ठ्याची वहीही त्यालाच. ती वाइंडिंगवालीने आणि मी मिळून लिहिली आहे. दर आठवड्याला दुकानात रेडिओ लावायचा आणि त्याने जे सुरू करून सोडून दिले ते टिपून ठेवायचे. कप्तानाचा डावा डोळा बाराव्या भागात काचेचा होता. नव्वदाव्यात तो दोन्ही डोळ्यांनी रडतो. जी पेटी उघडली तर जहाज फुटेल म्हणून दहा भाग आम्हाला घाबरवले, तिच्यावर पुढे एक बाई बसून भाजी चिरते. सात वर्षांचा प्रवास एका वाक्यात उरकला आणि कप्तानाचा वाढदिवस तीन भाग चालला. वाइंडिंगवाली म्हणाली होती, "मिस्त्री, तुमच्या भावाच्या जहाजात माणसं कमी आणि भोकं जास्त." वहीत एकशे त्रेचाळीस नोंदी आहेत. पहिली माझी आहे.

ती कशी, ते लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढच्या कलमांचा अर्थ लागणार नाही.

एकतीस वर्षांपूर्वी जहाजाच्या मिस्त्रीचे काम करणारा नट आजारी पडला. धाकटा दुकानात येऊन म्हणाला, "दादा, तुझा आवाज गंजलेल्या बोल्टासारखा आहे. मला तोच हवाय." मी हुरळलो. जहाजाच्या दाराचा आवाजही मीच दिला: जुन्या फ्रिजचे दार, त्याचे रबर सुटताना स्स होते ते. सदतिसाव्या भागात मिस्त्री अँटेना दुरुस्त करायला जहाजाबाहेर जातो. आवाज खरा यावा म्हणून धाकट्याने माझ्या कमरेला खरी दोरी बांधली आणि मला स्टुडिओच्या दाराबाहेर बोळात उभे केले. दुसरे टोक आत त्याच्या हातात, कारण कप्तान तोच व्हायचा. माझे वाक्य होते, "दोरी धरून ठेव रे, आलोच." ते मी दाराच्या फटीतून ओरडलो आणि दार कधी उघडते याची वाट पाहत राहिलो.

बऱ्याच वेळाने झाडणारी बाई आली. म्हणाली, "अहो, ते सगळे पलीकडच्या दाराने केव्हाच गेले." मी दोरी ओढली. सगळीच्या सगळी हातात आली.

अडतिसाव्या भागात जहाजावर एक नवी नायिका आली आणि मिस्त्रीचे नावही कोणी काढले नाही. दोरी कापून मिस्त्रीला मारले असते तरी चालले असते. मी विचारले तेव्हा तो हसला, "अरे दादा, विसरलोच!" मीही हसलो. लोक दुकानात येऊन विचारायचे, "काय मिस्त्री, अजून बाहेरच का?" तेही मी हसण्यावारी नेले. माझे काय, कातडी जाड आहे.

पण आई दर आठवड्याला ऐकत राहिली. तेवीस वर्षे. शेवटच्या वर्षी तिचे सगळे गोंधळले, तेवढे मात्र डोक्यात घट्ट बसले. मी समोर बसून भरवत असायचो आणि ती विचारायची, "थोरला आला का रे आत?"

"आई, मी हा काय इथे."

"तू नाही रे. तो. दोरी बांधलेला."

मी धाकट्याला फोन केला. म्हटले, एक ओळ लिही, मिस्त्री आत आला म्हणून.

"दादा, कथेची लय बिघडते. आणि इतक्या वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय?"

"आईला आठवतंय."

"बघतो."

मग मीच कॅसेट भरली. पत्र्याच्या पिंपावर तीनदा ठोकले, "आलो, दार उघड" म्हणालो, फ्रिजचे दार ओढले. आईने कान देऊन ऐकले आणि मान हलवली. "दार आपोआप कसं उघडेल? आत धाकटा आहे ना? तो 'ये आत' म्हणालाच नाही." मी दुसरी कॅसेट भरली. ठोकण्यानंतर त्याच्या दोन शब्दांपुरती जागा कोरी सोडली आणि पुन्हा फोन केला. तो म्हणाला, या आठवड्यात येतो. अकराव्या दिवशी आई गेली, मला बाहेर ठेवूनच. तेव्हा तो आला. खरे रडला, खोटे का सांगू. पण त्या रडण्याला मी माफ केलेले नाही, आणि ही नोंद वकिलांनी गाळू नये.

कलम ४. गेल्या महिन्यात धाकटा मिठाईचा डबा घेऊन आला. "दादा, श्रोत्यांनी मोहीम उघडलीये, मिस्त्रीला परत आणा म्हणून! साडेसोळाशेवा भाग दणक्यात करू. तू आत येशील, सगळे रडतील."

"आणि पुढच्या भागात?"

त्याने डबा पुढे सरकवला. डबा मी परत दिला. म्हणून स्पष्ट लिहितो: माझ्या पश्चात मिस्त्रीला आत घेऊ नये. दुसऱ्या माणसाकडून, जुन्या फितींतून किंवा यंत्राने माझा आवाज बनवून तर मुळीच नाही. माझ्या मरणावरही भाग लिहू नये. जिला ऐकायचे होते ती गेली. बाकीच्यांच्या टाळ्यांसाठी मी तेवीस आणि आठ वर्षे बाहेर उभा नव्हतो. यावर लक्ष ठेवण्याचा अधिकार वाइंडिंगवालीला. ती भांडायला खमकी आहे.

कलम ५. फ्रिजचे दार मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले आहे. ते, कॅसेटवादक आणि दुसरी कॅसेट धाकट्याला, प्रसारणासाठी नव्हे. त्याने खोलीत एकट्याने बसावे आणि कॅसेट लावावी. मी तीनदा ठोकीन. त्यानंतर कोरी जागा आहे. तिथे त्याने काय म्हणायचे आणि दार ओढायचे की नाही, हे मी लिहून देत नाही. लेखक तो आहे. त्याने काही केले की नाही हे तपासायला मी कोणालाही नेमलेले नाही.

कलम ६. दोरी कोणाला देऊ नये. मला नेताना ती माझ्या कमरेला बांधावी आणि दुसरे टोक मोकळे सोडावे. धाकट्याने ते धरावे असे मी इथे लिहीत नाही. एकदा सांगून झाले आहे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, जिथे खोडले तिथे आद्याक्षरे केली, आणि दोघांच्या देखत सही केली. वाइंडिंगवालीही सही करायला आली होती, पण जिला मिळायचे तिने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले. ती दारातच उभी राहिली.

साक्षीदार १: कोपऱ्यावरचा औषधवाला (सही)
साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका (सही)

ठिकाण: आईची खोली
दिनांक: बाहेर राहिल्याचे एकतिसावे वर्ष, चौथा महिना, सहावा दिवस. सरकारी तारीख शिक्क्यावर आहे.

सही: मिस्त्री, मुक्काम बाहेर