बासष्ट नंबरचं पिल्लू

सांता क्लारा,
९ फेब्रुवारी २००४

प्रिय ताई,

पाकीट बघून दचकू नकोस. श्रीरंग ठीक आहे, मीही ठीक आहे. दर रविवारी फोन होत असताना ही बया पत्र कशाला लिहितेय, असं तुला वाटणारच. पण फोनवर ईशान तुझ्या मांडीवर असतो. त्याची चुळबुळ ऐकू येते आणि मी ठरवलेलं सगळं विसरते. हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. त्याला इकडे कधी आणायचं, या वाक्यापाशी आलं की पेन अडतं आणि मी माझ्या कामातल्या सील प्राण्यांबद्दल लिहायला लागते. आताही तेच करणार आहे, तेव्हा थोडं सोस.

त्या किनाऱ्यावर दिवसभर करतेस काय, असं तू मागे विचारलं होतंस. डिसेंबरात तिथे नर येतात, दीड-दोन हजार किलोचे. नाक सोंडेसारखं लोंबतं, म्हणून त्यांना हत्ती-सील म्हणतात. छातीवर छाती आपटून भांडतात, रक्त निघेपर्यंत. जो जिंकतो तो चाळीसेक माद्यांच्या मधोमध पसरतो. दुसरा कोणी जवळ सरकला, की आपल्या शाळेतल्या हेडसरांसारखं नुसतं डोकं वर करून खाकरतो आणि समोरचा पळ काढतो. बाकीचे नर कडेच्या वाळूत पडून राहतात, त्यातला एखादा लपतछपत आत शिरतो. बहुतेकांना जन्मात एकही पिल्लू होत नाही. आम्ही माद्यांच्या पाठीवर केसांच्या रंगाने नंबर घालतो आणि पिल्लांच्या कातडीचा कणभर तुकडा घेतो. मग कोण कोणाचं ते लॅबमध्ये कळतं. कोणाची किती जन्मली, किती जगली, या आकड्याला आमच्या शास्त्रात यश म्हणतात. श्रीरंगची नोकरी गेली तेव्हा तो स्वतःला कडेच्या वाळूतला म्हणायचा. मी हसायचे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण रडून तरी काय होणार होतं?

मादी चार आठवडे तोंडात घास न घेता पिल्लाला पाजते. शेवटच्या दोन-चार दिवसांत तो दांडगोबा तिच्याशी जुगतो, आणि मग एके दिवशी पिल्लू झोपलेलं असताना ती पाण्यात शिरते ती गेलीच. पहिल्या वर्षी हे पाहिलं तेव्हा मला तिचा संताप आला होता. पुढे संतापायचा हक्क राहिला नाही.

तुला आठवतं, आई नाही म्हणून माझ्या बाळंतपणाला तू आली होतीस? ईशानला न्हाऊमाखू घालून तू धुरी दिलीस आणि स्मोक अलार्म बोंबलायला लागला. आख्खी बिल्डिंग खाली उतरली, फायर ब्रिगेड आली, आणि तू बाळाला पदरात गुंडाळून त्या उंच माणसाला मराठीत समजावत होतीस की ओवा आहे, ओवा. मग श्रीरंगला दुसरी नोकरी मिळाली ती टेक्सासात. मी एकटी. ईशानला पाळणाघरात टाकलं तर दर आठवड्याला कान दुखायचे, ताप यायचा. त्यातच माझा सीझन तोंडावर आलेला. दहा महिन्यांच्या त्याला घेऊन मी नागपूरला आले आणि दहाव्या दिवशी परत निघाले. दुपारची वेळ होती. तो तुझा पदर मुठीत धरून झोपला होता. उठवू नकोस, असं मीच तुला म्हणाले. एका सीझनपुरता ठेव, एप्रिलमध्ये नेते, असंही म्हणाले. एप्रिलची दिवाळी झाली, दिवाळीचा आणखी एक सीझन झाला. श्रीरंग परत सांता क्लाराला आला तरी मी कारणं शोधतच होते. खरं सांगू? त्याच्याशिवाय सलग झोप मिळायची, काम व्हायचं. मला बरं वाटायचं, आणि तेच मला छळायचं.

दोन वर्षांपूर्वी, ईशानला तुझ्याकडे ठेवून मी परतल्यावर काही आठवड्यांतच, जानेवारीत इकडे वादळ झालं. लाटा थेट माद्यांच्या घोळक्यात घुसल्या. पिल्लांना पोहता येत नाही गं. सकाळी गेलो तर निम्मी वाळू रिकामी. सतरा नंबरची मादी पाण्याच्या कडेने ओरडत फिरत होती. तीन दिवस फिरली. मी तिच्यापुढे लिहिलं, पिल्लू मेलं. तिच्यापासून पन्नासेक पावलांवर बासष्ट नंबरची मादी एका पिल्लाला पाजत होती. तिच्यापुढे लिहिलं, पिल्लू जगलं. परकं पिल्लू जवळ आलं तर माद्या चावतात, कधीकधी मारूनही टाकतात. ही तर त्याला पोटाशी घेऊन पडली होती. पिल्लाच्या नमुन्याची नळीही मी तिच्याच नावाने ठेवली. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात की वादळानंतर पाजणारीला आई धरायचं नाही. हे मला पाठ होतं, तरी मी धरलं. तुझ्या हातचा वरणभात खाणाऱ्या पोराचे फोटो रोज बघणारीच असली चूक करू जाणे.

गेल्या सोमवारी त्या नमुन्यांचे लॅबचे निकाल आले. ते पिल्लू सतराचं होतं. बासष्टचं स्वतःचं वाहून गेलं होतं. प्रोफेसरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी शांतपणे तक्ता बदलायला सांगितला. बासष्टचं यश शून्य, सतराचं एक. मी आकडे बदलले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. कोणासाठी रडले ते कळेना. सतराला ते पन्नास पावलांवर असून सापडलंच नाही, ती त्याला जिवंत ठेवू शकली नसती. बासष्टने आपली सगळी चरबी त्याच्यात ओतली आणि तक्त्यात तिच्यापुढे काहीच नाही. तुझी दोन बाळं गेली, ताई, ती कोणत्या तक्त्यात आहेत? माय मरो आणि मावशी जगो, असं लोक सहज म्हणून जातात. इथे मी धडधाकट जिवंत बसले आहे, मग या म्हणीचं काय करू?

त्याच दिवशी भाऊजींची मेल आली होती, बालवाडीच्या गॅदरिंगच्या फोटोंची. ईशान सशाच्या कपड्यात. किती गोड दिसतोय! मग छातीवरचं कार्ड वाचलं. ईशान रवींद्र. मधलं नाव भाऊजींचं. बाईंनी घाईत लिहिलं असेल, असं मी श्रीरंगला सांगितलं. तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय. मी तुझ्यावर संशय घेतेय आणि त्याची मला लाज वाटतेय. नाव देणाऱ्याचा काय दोष? ज्यांचं द्यायचं ती माणसं तिथे हवीत ना.

आता लिहितेच. गेल्या रविवारी तू हळूच विचारलंस की राधे, त्याला आमच्याकडेच राहू देशील का, आणि फोन बंद पडला. तुला वाटलं असेल, माझं फोनचं कार्ड संपलं. कार्डावर चाळीस मिनिटं शिल्लक होती. फोन मी ठेवला, कारण माझ्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. तेव्हापासून मी त्या ‘हो’ला घाबरून आहे. ताई, माझं उत्तर नाही असं आहे. तू चिडशील, रडशील. कदाचित माझ्याशी बोलणार नाहीस, आणि तो तुझा हक्क आहे. चौदा मार्चला मी नागपूरला पोचतेय. दीड महिना राहणार आहे, तुझ्याच घरात, त्याला माझी सवय व्हावी म्हणून. त्याला झोपेत उचलून आणणार नाही. तूही आमच्याबरोबर इकडे ये, सहा महिने राहा, म्हणजे तो एकदम तुटणार नाही. पण एक गोष्ट माझ्याने होणार नाही. मी तुझी आई, असं मी म्हणाले तर तो तुझ्या पाठीमागे लपेल. तो विश्वास ठेवतो फक्त तुझ्या शब्दावर. म्हणून मी दारात यायच्या आत, ताई, त्याला तू सांग.

तुझ्याच हातांनी वाढवलेली, तुझीच
राधा