नळी बदलून दे

जूडिथ गॅप, १२ मे १९९१

चि. वेल्डा हिस अनेक आशीर्वाद.

बंदूक पाठवतोय. मला हिची किळस आलीय. गेल्या शिकारीच्या सीझनला एल्क हरणावर गोळी झाडली, ती पोटात लागली आणि जनावर जखमी होऊन निघून गेलं. खूप शोधलं. बर्फ वितळल्यावर कावळ्यांनी दाखवलं. झऱ्यात पडलं होतं, फुगून, अळ्या लागून. तो वास अजून नाकातून जात नाही. घरातलं सगळं मटण कुत्र्याला घातलं, घास उतरेना. माझ्या हातून असं पाप कधी झालं नव्हतं.

दोष नळीचा. ती काढ आणि जबर ताकदीच्या मॅग्नम काडतुसाची लांबलचक नळी बसव. शेजारच्या हार्लनने तीच घेतलीय. म्हणतो, या डोंगरावरून त्या डोंगरावरचं जनावर जागच्या जागी आडवं होतं. गुडघे ठीक आहेत, विचारू नकोस.

जेवत जा. बंदूक-दुरुस्तीचं दुकानच सर्वस्व नाही.
बाबा

डिलन, २० मे

ती. बाबांस सा. न. वि. वि.

बंदूक उघडली आणि शी! नळीच्या तोंडात चिखल, कुजकं गवत आणि मेंढीच्या लेंड्या. तोंडाची कड दगडांवर घासून गोल झालीय, म्हणून गोळी भरकटते, आत वीतभर गंज, आणि टोकाजवळ नळी अंगठी घातल्यासारखी फुगलीय. म्हणजे चिखल भरलेला असताना तुम्ही गोळी झाडलीत. पुन्हा झाडली असतीत तर नळी फाटून डोळे गेले असते. बाबा, तुम्ही बंदूक उलटी धरून काठीसारखी टेकत चालता ना? लहानपणी माझ्या बंदुकीचं तोंड एकदा जमिनीला लागलं, तर अख्खा सीझन मला घरी बसवलं होतंत!

मॅग्नमचं नाव काढू नका. त्या काडतुसाचं बूड मोठं, त्यासाठी काडतूस मागून अडवणारा बोल्ट कोरावा लागेल, आणि धक्का असा की तुमचा मोडून जुळलेला खांदा पुन्हा हातात येईल. हार्लन पलीकडच्या डोंगरावर किती जनावरं अर्धमेली सोडून येतो, तेही विचारा त्याला. मी सात मिलिमीटरची नळी निवडलीय. आखूड, हलकी. तिच्या काडतुसाचं बूड जुन्याएवढंच, त्यामुळे बोल्ट तोच चालेल. काडतुसाचं घर मी त्यात कोरून देते. फक्त जनावराच्या जवळ जावं लागेल.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
वेल्डा

जूडिथ गॅप, २ जून

चि. वेल्डास आशीर्वाद.

तुझं पत्र शेगडीत घातलं. सात मिलिमीटर! पोरीसोरींचं खेळणं! आणि जवळ जायचं कसं, उडत? उतारावर एकदा-दोनदा टेकली असेल बंदूक. काठी म्हातारे घेतात. गावात काठी टेकत फिरलो की दुसऱ्या दिवशी हार्लन माझ्या कुरणाचा भाव विचारायला येईल. बसव तुला हवं ते. मी यंदा डोंगरावर जाणारच नाही, झालं समाधान?

बाबा

डिलन, ९ सप्टेंबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

खोक्यात बंदूक आहे, आणि तुमची जुनी नळीही. फुगलेलं टोक कापलं, भोक बुजवलं, वर लाकडी दांडा आणि मूठ, खाली रबर. तुम्हाला नळी टेकायची सवयच आहे, तर ही टेका. हार्लनला सांगा, बंदुकीचा सुटा भाग आहे.

शिव्या घाला, पण फेकू नका. आई गेल्यावर मला तुम्हीच उरलात, बाबा. तुमच्या हातात नळी फुटल्याचं स्वप्न पडून मी दचकून उठते.

उत्तराची वाट पाहते.
वेल्डा

जूडिथ गॅप, ४ नोव्हेंबर

चि. वेल्डास आशीर्वाद.

तुझी काठी भिकार आहे. जड, ओबडधोबड, वर थंडीत बर्फासारखी गार. खोक्यासकट कोपऱ्यात टाकली होती.

शनिवारी त्या झऱ्याच्या वर गेलो. वारा तोंडावर होता. एल्कच्या पापण्या दिसतील इतक्या जवळ गेलो. एकच गोळी. तिथेच कोसळला, पाऊलही टाकलं नाही. तुझ्या खेळण्याचा धक्का म्हणजे नुसती टपली, खांद्याला कळलंही नाही. मी मात्र बराच वेळ तिथे बसून राहिलो. रडलो थोडा, कुणाला सांगू नकोस.

मटण पाठवतोय. मी काल पोटभर जेवलो.

बाबा

ता. क. काठीचं रबर झिजलंय. दुसरं पाठव.