मुरघासाच्या पोत्याला पडलेली भोकं

बहादरपूर

चि. मधुकर यास ताईचा आशीर्वाद. तुझे गुडघे बरे असतील, सुमनची शुगर खाली असेल, असं धरून चालते. फोनवर तू मधेच बोलतोस म्हणून पत्र. आता मुकाट्यानं पूर्ण वाच.

दसऱ्याला तू नेपानगरहून आलास तेव्हा माझ्या नातीनं, सोनालीनं, गोठ्यात मुरघासाचं भलंमोठं प्लॅस्टिकचं पोतं भरून ठेवलं होतं. हिरवा मका बारीक कापायचा, दाबून दाबून भरायचा, आणि तोंड असं आवळायचं की हवा आत जाता कामा नये. म्हशीची उन्हाळ्याची सोय. पोरगी शिकून आली कुठूनशी, पण मला विचारशील तर हे म्हशीचं लोणचंच. तुडवायला आम्ही सगळे पोत्यात उतरलो, मीसुद्धा, सुनेच्या खांद्याला धरून (मालूबाई शेजारीण अजून हसते). एवढी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती. पण सोनालीच्या बापानं, आमच्या अमोलनं, बजावलं होतं की हे सडलं तर म्हैस विकणार, चारा विकत आणणं आता जमत नाही.

हे सगळं तुला जेवताना सांगितलं. तू मान हलवलीस, पुरणपोळी मागून घेतलीस, आणि आम्ही आडवे झाल्यावर दाभण घेऊन गोठ्यात गेलास. चाऱ्याचा जीव गुदमरेल म्हणून पोत्याला भोकं पाडलीस! आणि दिवाळीनंतर फोनवर कौतुकानं विचारतोस, ‘ताई, माझ्यामुळे चारा वाचला ना?’ अरे, कागद मिलमध्ये जन्मभर तू केलंस तरी काय? (लहानपणीही लोणच्याच्या बरणीचं झाकण काढून तिला वारा घालायचास. माय मारायची ते खामखा नाही.)

तुझा फोन ठेवून लगेच पोतं उघडलं तर भोकाभोकापाशी बुरशी. सोनाली रडायला लागली. मी पदर खोचला, लोणच्याचा काढते तसा खराब भाग चांगला खोलवर काढून उकिरड्यावर टाकला. खालचा मका पिवळसर, आंबूस, छान वासाचा. म्हशीनं हुंगला, विहिणीसारखं माझ्याकडे पाहिलं, आणि टोपलं चाटून ठेवलं. अमोलनं तिथूनच म्हशीच्या व्यापाऱ्याला, सुकलालला, फोन लावला आणि येऊ नको म्हणाला. तरी माझा राग गेलेला नाही.

तुझी ताई,
सुशीला

ता. क. पुढच्या खेपेला सोनाली दोन पोती भरणार आहे. तुडवायला वजनदार माणूस हवा, माझ्यानं दाबलं जात नाही. तूच ये. दाभण सुमनपाशी ठेव.

ता. क. ही लोणच्याची बरणी सुमननंच उघडायची, अजून मुरायची आहे, असं सांगून धाडली होती. हे पत्र बरणीच्या झाकणाआत, फडक्याखाली ठेवलंय. तू वाचतोयस म्हणजे तूच उघडलीस. लाव झाकण.