जी बोलणी मला बसली नाहीत

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. रिटायर होऊन मुरुडला राहते, चिडायला सवड भरपूर. आजचं निमित्त तुमची लाडकी. रोह्याकडून एसटीनं आपल्या लॅबमध्ये यायची, ॲप्रनची बटणं कायम वरखाली, तीच. आता तीही रिटायर झाली, पण घरी बसेल तर शपथ! दिवेआगर-श्रीवर्धनच्या घरगुती खाणावळीवाल्या बायकांना कोंबडी कशी ठेवावी, कशी शिजवावी हे शिकवत फिरते. आणि जाईल तिथे तुम्ही तिला झापल्याची गोष्ट सांगते, जणू पदकच मिळालं होतं.

तो दिवस मला तिच्यापेक्षा जास्त आठवतो. एकाच पोल्ट्रीतून गोठवलेल्या कोंबड्या आल्या आहेत, त्यांत साल्मोनेला, तो जुलाब-तापाचा जंतू, आहे का ते बघायचंय. अर्धे नमुने माझ्याकडे, अर्धे तिच्याकडे. मी तुम्ही शिकवलंत तसं आधी साध्या ब्रॉथमध्ये, जंतूंना पोसणाऱ्या पातळ रशात, घालून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवते, मग त्यातलं थोडं कडक ब्रॉथमध्ये, जिथे बाकीचे जंतू दबतात आणि आपल्याला हवा तो तगतो, आणि शेवटी प्लेटवर. तिला घाई. साधा ब्रॉथ वगळून तिनं थेट कडक ब्रॉथ गाठला. माझ्या प्लेटवर काळ्या मध्याच्या कॉलनी, म्हणजे साल्मोनेलाचेच ठिपके, टपोऱ्या उठल्या आहेत, तिच्या प्लेट कोऱ्या. आणि ही खुशीत. "माझ्यात काय न्हाय बाई, साफ हाय!"

तुम्ही दोघींच्या प्लेट शेजारी ठेवल्यात आणि भडकलात. "अगं बये, थंडीनं अर्धमेलं पोर दारात आलं तर आधी पेज पाजशील, का उंबऱ्याबाहेर उभं करून चौकशी करशील? गोठलेला जंतू तसाच असतो. त्याला मारलंस तू, आणि वर मला सांगतेस, आत कोणी नाही! ही कोंबडी उद्या कुणाच्या तरी लेकराच्या ताटात जाणार आहे!" सगळी लॅब ऐकत होती. ती तिथेच सगळ्यांसमोर मुसमुसायला लागली. पुढचं मात्र मला अजून सलतं. तुम्ही स्टूल ओढून तिच्याशेजारी बसलात, संध्याकाळपर्यंत. सगळं पहिल्यापासून तिच्याकडून करून घेतलंत. दुपारी डब्यातली घावनं काढून अर्धी तिच्यापुढे सरकवलीत. माझ्या टेबलाशी आलात, प्लेट उजेडाला धरलीत, "छान" म्हणालात आणि वळलात. जाता जाता शिपायाला म्हणालात, "कॉन्व्हेंटची आहे, हिला काही सांगावं लागत नाही."

हे काय कौतुक झालं, बाई? आमच्या सिस्टरनी मला सरळ रेघा मारायला शिकवलं, लेबल नीट लावायला शिकवलं, चुकण्याचे फायदे काही शिकवले नाहीत. इतकी वर्षं मी तुमच्याजवळ काम केलं, आणि तुमच्याबद्दल सांगायला माझ्याकडे काय आहे? "छान." त्यावर कोण हसणार, कोण रडणार?

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून पुढचं लिहिते. गेल्या आठवड्यात ती मला श्रीवर्धनला तिच्या वर्गाला ओढून घेऊन गेली. "चल गं, किती दिवस खिडकीत बसून लोकांना नावं ठेवशील?" चित्रं दाखवायच्या पडद्याच्या वायरशी ती झटत होती, तेवढ्यात एका बाईनं विचारलं, "कोंबडीच्या रिपोर्टला इतकं दिवस कशाला वो लागतात?" मी उभी राहिले. म्हटलं, "मी नवीन होते, मला फार घाई होती. आमच्या बाईंनी मला सगळ्यांसमोर असं झापलं..." सगळं सांगितलं. पोर, पेज, उंबरा, शेजारचं स्टूल, घावनंसुद्धा. बायका खदखदून हसल्या. ती हातात वायर धरून थांबली. आता ओरडेल असं वाटलं. पण ती मागच्या खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी शेवटपर्यंत ऐकत राहिली.

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मंग रडलात काय वो म्याडम?"

"रडले ना," मी म्हटलं. "बाथरूममध्ये, नळ सोडून."

तेवढं मी तिचं घेतलेलं नाही, बाई. नळ सोडून रडले ती मीच, माझ्या सगळ्या प्लेट बरोबर आल्या त्या दिवशी.