पुण्याचा पेपर आणि गल्लीपलीकडची खोली

ती. आई,

नमस्कार. या पत्राला तिकीट लावायचं नाही, तेव्हा मजकूर लांबला तरी नुकसान नाही.

काल पुण्याचा पेपर इथे ग्वाल्हेरला आला. पहिल्याच पानावर पटकीच्या साथीची बातमी. वाचून झाल्यावर मी चष्मा काढून ठेवला, उठले आणि सवयीने पुढच्या दाराला कडी लावली. मग हात कडीवर ठेवून तशीच उभी राहिले. आता अडवायचं कुणाला? परवा तुझं वर्षश्राद्ध आहे.

थकले गं आई. काम करून माणूस थकतं ते कळतं. भिऊन भिऊनही थकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आबा होते तोवर तू एकटी उंबऱ्याबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. देवळात जायचं तरी टांगा, टांग्याला पडदा, बरोबर कुणीतरी. पाटणकर बाजार घरापासून हाकेवर, पण तुला ठाऊक तो पडद्याच्या फटीतूनच. आबा गेले, मला भाऊ उरलेला नाही, म्हणून तुला माझ्याकडे आणलं. वर्षभर तू माजघरात जपमाळ घेऊन बसलीस. मला वाटलं, आता अशीच बसेल. खरं सांगू? तसं वाटून जरा बरंच वाटलं होतं. बसलेलं माणूस सांभाळायला सोपं.

आणि एके दिवशी तू देवळातून एकटीच चालत आलीस! मी विचारलं, "टांगा कुठे?" तर म्हणालीस, "टांग्याच्या घोड्याला पाय असतात, मला नाहीत?"

मग तू भाजी आणू लागलीस. मग थेट दाल बाजार! तुझ्या जावयांनी तुला तिथे पाहिलं, तुरीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळचा दाणा बघताना. घरी येऊन म्हणाले, "अगं, तुझ्या मातोश्री दुकानदाराला हिंदीत रागे भरत होत्या."

"काय म्हणत होत्या?"

"'भैया, ऊपर अच्छी और नीचे कीड! हमको अंधी समझता है क्या?' आणि तो बिचारा हात जोडून, 'नहीं माई, नहीं माई.'"

किती हसलो आम्ही! पण रात्री पाठ टेकल्यावर मला झोप येईना. बाजारातली गर्दी, नाना प्रकारचे लोक, आणि त्यात आई.

कारण त्याच सुमारास यांनी घरी पुण्याचा पेपर सुरू केला होता. मॅट्रिकपर्यंत शिकलेली बायको, तिला वाचायला काही असावं म्हणून. मी तो पोथीसारखा वाचायची. हातपाय धुऊन, पाटावर बसून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत. आपलं मूळ गाव तिकडचं. पणजोबांनी सोडलेलं, मी कधी न पाहिलेलं. पण वाचताना वाटायचं, आपण तिथेच राहतो. म्हणून पुण्यात प्लेगचे उंदीर पडले की मी इथे ग्वाल्हेरीत खिडक्या लावायची. तिकडे पटकी, की आमच्या घरात काकडी बंद. टपालाने पेपर येईपर्यंत तिकडची साथ ओसरलेलीही असेल, आणि मी इथे चुलीत गोवऱ्या सारून पाणी उकळतेय!

तू मुलांना सांगायचीस, "पेपर पुण्याचा, घर ग्वाल्हेरचं आणि ताप आमच्या दुर्गीला!"

पुडीचा दोरासुद्धा गुंडाळून ठेवणारी मी, पण जाहिरातीतली शक्तीची बाटली तुझ्यासाठी मागवली. तू म्हणालीस, "एका पानावर रोग आणि पाठच्या पानावर त्याचीच बाटली? वैद्य हुशार आहे गं!" आणि वर म्हणालीस, "पोथीला शेवटी फलश्रुती तरी असते. तुझ्या या पोथीत नुसतं भय."

मला राग आला होता. अजूनही थोडा आहे. पाणी उकळणं काही चुकीचं नव्हतं, आई. ते मी अजून करते.

गल्लीपलीकडची रामप्यारी तुला देवळात भेटलेली. तीही तुझ्यासारखीच विधवा, घरात एकटी. तिची नात मुन्नी मुरैन्याहून राहायला आली आणि मोतीझऱ्याच्या मुदतीच्या तापाने पडली. तू पदर खोचून निघालीस तेव्हा मी दारात हात आडवा धरला.

"जायचं नाही. पेपरात स्पष्ट लिहिलंय, रोग्याजवळ बसू नये."

"पेपरात मुन्नीचं नाव आहे?"

"नाव कशाला असेल?"

"मग तिला बघायला कुणीतरी जायला हवं."

"आई, तुला भीती कशी ती वाटतच नाही!"

तेव्हा तू थांबलीस. तुझा आवाज असा खाली गेलेला मी पहिल्यांदा ऐकला. "तुझ्या थोरल्या भावाला, बाळूला देवी आल्या तेव्हा तू पाळण्यात होतीस. भीती मला नको शिकवू. शेजारची दारं लागलेली, मी एकटी त्याच्यापाशी. कुणी उंबऱ्याबाहेरून नुसतं 'कसा आहे?' विचारलं असतं, तरी..." माझ्या हाताखालून वाकून निघून गेलीस.

संध्याकाळी परत आलीस, तर मी तुला अंगणातच उभं केलं. आधी अंघोळ, लुगडं वेगळं, मगच मुलांजवळ. तू घंघाळातलं पाणी घेता घेता हसायला लागलीस. "माझ्या सासूने मला जन्मभर असंच उभं केलं. हे शिवू नको, ते शिवू नको. ती निदान देवाचं नाव घ्यायची. तू छापखान्याचं घेतेस."

दोन-तीन दिवस असेच गेले. मग तू तुझा पाट, तांब्या आणि जपमाळ उचललीस. "तुझी मुलं तू सांभाळ, ते बरोबरच आहे. मुन्नीला मी बघते. रामप्यारीची पुढची खोली रिकामीच आहे."

"आणि लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारीला पाय फुटले."

मुन्नी बरी झाली, आईबापांकडे गेली. तू मात्र परत आली नाहीस! मी तुला घालवलं नव्हतं, तूही रागावून गेली नव्हतीस. चूल तुझी, भाकरी तुझी, वेळ तुझी. दुपारी तुमचं दोघींचं हसणं माझ्या ओसरीपर्यंत यायचं आणि मी ताट वाढता वाढता चिडायची. एकदा न राहवून विचारलं, काय कमी केलं गं मी? तू मोहरी निवडत म्हणालीस, "काही नाही. बापाच्या घरी राहिले, नवऱ्याच्या घरी राहिले, लेकीच्या घरी राहिले. आता मरायच्या आधी थोडं माझ्या घरी."

तुला सुचलं तरी कसं हे? आणि मला का नाही सुचत?

रोज सकाळी मी उकळून गार केलेलं पाणी तांब्याभर घेऊन गल्ली ओलांडायची. तू हसून घ्यायचीस आणि माझी पाठ वळली की तुळशीला घालायचीस. मला ठाऊक होतं. त्या तुळशीला मात्र कधी रोग लागला नाही!

त्या सकाळी पाणी निवायची वाट बघत मी चुलीपाशीच होते. पलीकडून हाक आली, "दुर्गाबाई, जल्दी आओ!" मी कोमट तांब्या घेऊन धावले. तोवर तुझं डोकं रामप्यारीच्या मांडीवर होतं. तिने आपल्या घागरीतलं पाणी तुळशीच्या पानाने तुझ्या तोंडात सोडलं होतं. वैद्य म्हणाले, रोग काही नव्हता, वय झालं होतं. इतकी वर्षं मी ज्याची वाट अडवून बसले, तो आलाच नाही. आणि शेवटचं पाणी न उकळलेलं, तेही लेकीच्या हातचं नाही. यावर काय बोलायचं, सांग.

आता हे आज का लिहायला बसले ते सांगते. परवापासून रामप्यारीला ताप आहे. मुरैन्याला निरोप गेला आहे, अजून कुणी आलेलं नाही. आणि आज सकाळी देवळात बायकांनी विचारलं, "पेपरात काय आलंय?" मी पटकीची बातमी सांगितली. नुसती सांगितली गं! दुपारपर्यंत गल्लीतलं एकेक दार लागलं. तिचा ताप कसला, कुणाला ठाऊक नाही. जुलाब-वांत्या, पटकीचं एकही लक्षण नाही. पण विचारायला जातंय कोण? मघाशी तिच्या खोकण्याचा आवाज आला. मग भांडं पडल्याचा. मग काहीच नाही.

मी पेज करून ठेवली आहे. झाकून. दोनदा दारापर्यंत गेले आणि परत येऊन हे लिहायला बसले. पत्र लिहिणं म्हणजे माझं न जाणंच आहे, हे तू एव्हाना ओळखलं असशील.

तर ऐक. पेपर मी बंद करणार नाही, मला त्याचं वेड आहे. पाणीही उकळणार. रामप्यारीकडून आल्यावर अंगणात अंघोळ करीन, लुगडं वेगळं भिजवीन, मगच मुलांना जवळ घेईन. तेवढं मला करू दे, हसू नकोस. पण तुला वचन देते, बातमी पुण्याची असो की कुठली, आधी गल्लीच्या पलीकडे कोण पडलंय ते बघून येईन, आणि मगच आतून कडी लावीन.

पेज निवत चालली आहे. कडी काढते.

तुझी, आत्तापर्यंत गल्लीच्या अलीकडेच राहिलेली,
दुर्गी