रफचा गठ्ठा

प्रिय बाबा,

गेल्या रविवारी वडाळ्याला पेडणेकर काकांच्या घरी तुमचं मशीन जळलं. त्याला कारण मी. घरात कोणाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही निदान उलटून बोलणार नाही.

तुम्ही गेल्यावर लालबागची खोली रिकामी करायला बिल्डरने आठ दिवस दिले होते. पोटमाळ्यावर तुमच्या परळच्या कंपनीचे दोन गठ्ठे सापडले. एकात काळ्या शाईने काढलेले सर्किटचे नकाशे आणि प्रोग्रामची सुबक प्रत, प्रत्येक पानाखाली तुमची सही. दुसऱ्यात तेच सगळं, पण पेन्सिलीने खाडाखोड केलेलं, चहाचे डाग पडलेलं, ओळीच्या ओळी कापलेल्या. मी सुबक गठ्ठा ठेवला आणि दुसरा रद्दीवाल्याला दिला.

आता मला सांगा, दुसरं काय करणार होते मी? दर मे महिन्यात रफ वह्या रद्दीत आणि फेअर वह्या माळ्यावर, हा नियम आपल्या घरात कोणी घातला? एकदा रफ वहीत मोर छान जमला म्हणून मी ती ठेवायचा हट्ट धरला, तर तुम्ही वही माझ्या हातातून काढून घेतली होती.

उरलेला गठ्ठा मी मोठ्या हौसेने स्कॅन केला. जुने कॉम्प्युटर जपणारी मंडळी इंटरनेटवर असतात. त्यांना कळावं, पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारं मशीन आमच्या परळमध्येही बनत होतं. कंपनी बंद पडताना काकांनी एक सुटं करून घरी आणलं होतं, तेवढंच उरलं होतं. तुमच्या नकाशाबरहुकूम त्यांनी ते जोडलं. पडदा क्षणभर उजळला आणि जळका वास आला.

काका रागावले नाहीत. रफ कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "फेअर कॉपी साहेबांच्या फाइलीसाठी असायची गं. नंतर जे जे बदललं, ते तुझा बाप रफवरच लिहायचा. मशीन त्याच्यावर चालायचं."

जळालेली चिप आता कुठेच मिळत नाही.

बाबा, हे मला एकदाही का नाही सांगितलंत? मी याच धंद्यात आहे, दिवसभर दुसऱ्यांचे प्रोग्राम वाचते. पण तुमच्या मशीनचा विषय काढला की ते जुनं झालं म्हणून पेपर उघडायचात. गठ्ठ्यावर 'हा ठेवा' एवढं लिहायला काय झालं होतं? सही मात्र चुकीच्या पानांवर केलीत, तीही किती झोकात!

मीही काही कमी नाही. ऑफिसात परक्यांच्या खाडाखोडीवर तासन्‌तास घालवते आणि तुमची खाडाखोड मला कचरा वाटली. एक पान तरी वाचायचं होतं. नाही वाचलं.

आता या सुबक पानांचं काय करू? नुसती इंटरनेटवर टाकली तर वाचणारा म्हणेल, या माणसाला साधं सर्किट काढता येत नव्हतं. दडवून ठेवली तर तुमचं नावच कुठे उरत नाही.

म्हणून टाकणार आहे. तुम्हाला आवडणार नाही, पण तुमच्या प्रत्येक सहीखाली मी लिहीन: हे पान चुकीचं आहे. बरोबर पानही याच माणसाने लिहिलं होतं, ते त्याच्या मुलीने रद्दीत घातलं. आणि त्याखाली माझं पूर्ण नाव.

तुमची,
सुलभा